यझ्दला एक दिवस पुरेल का?

इराणच्या सहलीत इस्फहान-शिराझच्या मध्ये यझ्द शहराला एकच दिवस ठेवलाय, तो पुरेल का आणि शाकाहारी माणसाने तिथे खायचं काय, असं तुम्ही विचारलंय. एक दिवस पुरणार नाही. शिराझमधला एक कमी करा, पण यझ्दला तीन द्या.

सुरुवात अमीर चखमाक चौकाजवळच्या जलसंग्रहालयापासून करा. बहुतेक जण ते शेवटी बघतात किंवा गाळतात, आणि मग गाव नुसतं मातीच्या भिंतींचं वाटतं. यझ्द पाण्यावर उभं आहे आणि ते पाणी डोंगराच्या पायथ्यापासून कनातीने, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्याने, निव्वळ उतारावर येतं. उतार जास्त झाला तर पाणी बोगदा कुरतडतं, कमी झाला तर गाळ बसतो. हे एकदा कळलं की पाण्याच्या टाक्या, बागा, जुनी घरं, सगळ्याचा अर्थ लागतो.

मग दौलताबाद बागेतला ३३ मीटर उंच बादगीर, म्हणजे वारा पकडणारा मनोरा, बघा. वरच्या फटींतून शिरलेला वारा खाली हौदावरून जातो आणि गार होतो. वारा पडला तर तापलेला मनोरा आतली गरम हवा वर खेचतो. हवा कोरडी म्हणून हे जमतं. मुंबईच्या दमटपणात हौदाने फारसा गारवा मिळणार नाही.

झरथुष्ट्री (पारशी) धर्माचं अग्निमंदिर चुकवू नका. इथला अग्नी इ.स. ४७० पासून तेवतोय अशी परंपरा आहे. आताची इमारत १९३४ची, भारतातल्या पारशांच्या पैशांतून उभी राहिलेली. आपल्याकडे अग्यारीत बिगरपारशांना प्रवेश नाही, इथे काचेपलीकडून अग्नी दिसतो. मुंबई-पुण्यातल्या इराणी हॉटेलवाल्यांपैकी अनेकांची मूळ गावं याच मुलखातली.

तिसऱ्या दिवशी पूर्ण दिवसाची टॅक्सी करा: सकाळी खरानक हे मातीच्या घरांचं ओस गाव, मग चक चक हे डोंगरातलं झरथुष्ट्री तीर्थस्थान, परतताना मेयबोद हे जुनं गाव. खरानकच्या ओस घरांच्या छपरांवर चढू नका, माती आतून पोकळ झालेली असते. चक चकला बऱ्याच पायऱ्या आहेत, पाणी सोबत ठेवा. मेयबोदचं बर्फघर बघाच. उंच भिंतीच्या सावलीतल्या उथळ तळ्यात हिवाळ्याच्या रात्री पाणी गोठवायचं आणि बर्फ घुमटाखालच्या खड्ड्यात उन्हाळ्यापर्यंत साठवायचा.

खाण्याचं: 'बेदून-ए गूश्त' (मांसाशिवाय) एवढंच म्हणून भागत नाही. 'गूश्त' म्हणजे अनेकांच्या लेखी फक्त बकऱ्या-गाईचं मांस, त्यामुळे कोंबडी ताटात येऊ शकते. 'मोर्ग' (कोंबडी) आणि 'माही' (मासे) यांनाही वेगळं नाही म्हणा, रस्सा मांसाच्या पाण्यातला आहे का तेही विचारा. मसूर, बीट, पालेभाजी आणि पीठ घालून केलेली, व्हिनेगरने आंबटसर झालेली आश-ए शोली ही इथली खासियत. ती बहुधा बिनमांसाची असते.

एप्रिलचा पहिला आठवडा संपल्यावर किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरात जा. त्याआधी नवरोजच्या, म्हणजे इराणी नववर्षाच्या, सुट्टीत खोली मिळणं कठीण. आपली कार्डं तिथे चालत नाहीत, सगळा खर्च रोख युरो किंवा डॉलरमध्ये न्या. भाव तोमानमध्ये सांगतात आणि १ तोमान म्हणजे १० रियाल, म्हणून पैसे देण्याआधी 'तोमान की रियाल' विचारा. व्हिसाचे नियम आणि भारत सरकारची प्रवाससूचना तिकीट काढण्याआधी बघा, दोन्ही बदलत असतात.

घरी आणायला कोत्ताब घ्या: बदाम-वेलदोड्याचं सारण, तळून पिठीसाखरेत घोळवलेलं, करंजीची चुलत बहीणच. पश्मक, म्हणजे आपल्या म्हातारीच्या केसांसारखी मिठाई, मात्र सीलबंद डब्यातलीच घ्या. सुटी आणलीत तर कोकण-मुंबईच्या हवेत ओल धरून तिचा चिकट गोळा होतो.