स्टीअरिंगचा सेन्सर खरंच गेलाय का? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: अलाइनमेंट करून आणल्यापासून ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा लाइट जातच नाही. मेकॅनिक म्हणतो स्टीअरिंग अँगल सेन्सर बदला. बदलू का?

उत्तर: थांबा हो, एवढ्यात पैसे घालू नका. अलाइनमेंटच्या आधी लाइट नव्हता, नंतर आला, म्हणजे सेन्सर नेमका त्याच दिवशी मेला असं क्वचितच होतं, त्याचं शून्य हललंय ही शक्यता जास्त. ईएससी काय करतं, तुम्ही स्टीअरिंगचं चाक किती फिरवलंय ते या सेन्सरला विचारतं, गाडी खरोखर किती वळतेय ते यॉ सेन्सरला, आणि दोघांचं जुळतंय का ते सतत तपासतं. गाडी सरळ चाललीये आणि स्टीअरिंगचा सेन्सर सांगतोय ८ डिग्री उजवीकडे, मग लाइट लागणारच.

स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून लाइव्ह डेटा बघायला सांगा. सपाट सरळ रस्त्यावर आकडा शून्याच्या आसपास हवा, एखाद-दुसरा डिग्री इकडेतिकडे चालतो. मग गाडी उभी करून स्टीअरिंग हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या आणि नजर आकड्यावरच ठेवा, तो सलग सरकला पाहिजे. ४० वरून एकदम ११० झाला किंवा चाक फिरतंय आणि आकडा गोठलाय, तर सेन्सरवर संशय घ्या. सलग सरकतोय पण शून्य चुकलंय तर नुसतं कॅलिब्रेशन करा, काम झालं. फक्त सरळ चालताना स्टीअरिंगचं चाकच वाकडं राहत असेल तर आधी अलाइनमेंट परत करून घ्या, वाकड्या चाकावर शून्य सेट करणं ही निव्वळ झाकपाक आहे.

प्रश्न: बॅटरी बदलली आणि ईपीएस (इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग), ईएससी दोन्ही लाइट लागले. काय बिघडलं?

उत्तर: बहुतेक काहीच नाही. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की सेन्सर आपली जागा विसरतो, इंजिन चालू ठेवून चाक दोन्ही टोकांपर्यंत फिरवा आणि थोडं अंतर सरळ चालवा. नाही गेला तर स्कॅनर. आणि टर्मिनल घट्ट आहेत ना ते बघा.

प्रश्न: हॉर्न कधी वाजतो कधी नाही, चाकावरची बटणं बंद, एअरबॅगचा लाइट, आणि आता ईएससीचाही. एवढं सगळं एकदम?

उत्तर: एवढं सगळं एकदम म्हणजे क्लॉक स्प्रिंग बघा. चाकामागे गुंडाळलेली चपटी रिबन केबल असते, हॉर्न, बटणं, एअरबॅग सगळ्यांचा करंट तिच्यातून जातो, आणि बऱ्याच गाड्यांत अँगल सेन्सर त्याच युनिटमध्ये किंवा त्याला चिकटून असतो. हे मात्र घरी उघडू नका. एअरबॅग काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून मॅन्युअलमध्ये दिलेली मिनिटं थांबावंच लागतं, आणि एअरबॅगच्या कपलरला (वायर जोडायच्या प्लगला) मल्टीमीटर लावायचा नाही म्हणजे नाही, बॅग फुटू शकते. नवीन क्लॉक स्प्रिंग बसवताना पुढची चाकं सरळ आणि स्प्रिंग बरोबर मध्यावर आहे का ते समोर उभं राहून बघा, नाहीतर पहिल्याच फुल टर्नला रिबन तुटते आणि दोष पार्टला जातो.

प्रश्न: स्कॅनरवर बिघाडाचा कोड यू०१२६ येतो. नवा सेन्सर टाकला तरी तोच कोड.

उत्तर: येणारच की. यू०१२६ म्हणजे सेन्सर मॉड्यूलशी बोलणंच तुटलंय, सेन्सर खराब आहे असं तो म्हणतच नाही. आधी फ्यूज, मग कपलर काढून पिन वाकलीये का, हिरवट गंज आहे का, सप्लाय आणि अर्थिंग मिळतंय का. मग बॅटरी काढून हाय-स्पीड कॅनच्या (मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या) दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजा, साधारण ६० ओहम हवा. १२० आला तर एका टोकाचा रेझिस्टर तुटलाय किंवा वायर कुठेतरी ओपन आहे, जवळपास शून्य आला तर शॉर्ट. आणि सगळं ठीक निघालं तर विचारा की नव्या सेन्सरचं कोडिंग केलं होतं का, काही गाड्यांत त्याशिवाय तो चालत नाही.

प्रश्न: स्टीअरिंग मध्येच जड होतं. अँगल सेन्सरच ना?

उत्तर: बहुधा नाही, तो टॉर्क सेन्सर. तुम्ही किती जोर लावताय हे तो मोजतो आणि त्यावर मोटर मदत करते. त्याआधी बॅटरी आणि चार्जिंग तपासा, व्होल्टेज पडलं तरी ईपीएस हात काढून घेतं. टॉर्क सेन्सरच असेल तर बऱ्याच गाड्यांत तो सुटा मिळत नाही, अख्खी कॉलम (स्टीअरिंगचा दांडा) किंवा रॅक (पुढची चाकं वळवणारा भाग) घ्यावी लागते. नुसतं जड असेल तर हळू चालवत गॅरेजपर्यंत न्या, पण चाक स्वतःहून एका बाजूला ओढायला लागलं तर तिथेच बाजूला लावा आणि टो करून न्या.