नवरा-बायकोने मिळून माहितीपट करावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘मी आणि बायको, दोघंही आयटीत. दोघांनाही माहितीपट करायचेत. एकदम नोकरी सोडावी का? आणि कामावरची भांडणं घरात येत नाहीत का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. येतात. घरातली भांडणं शूटवरही जातात. मी आणि माझा नवरा नऊ वर्षं हेच करतोय. कॅमेरा त्याच्याकडे, आवाज आणि मुलाखती माझ्याकडे.

नोकरी मात्र दोघांनी एकदम सोडू नका. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर या जोडप्याने मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकवता शिकवता फिल्म्स केल्या. त्यांची ‘साचा’ (२००१) मिळाली तर बघाच. नारायण सुर्वे, चित्रकार सुधीर पटवर्धन आणि कामगारांची मुंबई एकत्र आलीय त्यात. महिन्याला पगार असला की विषय कुणाच्या गळी उतरवत बसावं लागत नाही, असं आपलं माझं मत. दिल्लीच्या रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांची वाट वेगळी. २००९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. उत्तर प्रदेशातल्या ‘खबर लहरिया’ या वृत्तपत्राच्या दलित महिला पत्रकारांवरची ‘रायटिंग विथ फायर’ त्यांनी २०१६ मध्ये शूट करायला घेतली, २०२१ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात तिने दोन पुरस्कार मिळवले आणि २०२२ मध्ये ती ऑस्करच्या नामांकनात होती. मधल्या वर्षांचं घरभाडं कुठल्याच बातमीत येत नाही. ते आधी मोजा.

आमचं घर लग्नांवर चालतं. म्हणजे नवरा लग्नं शूट करतो, मी भाषांतरं करते. गंमत अशी की आमची फिल्म पेणकडच्या मिठागरांवर होती, आणि मिठाचा हंगाम नि लग्नसराई दोन्ही उन्हाळ्यातच! एका वर्षाची फिल्म चार वर्षं चालली.

भांडणाचं म्हणाल तर सगळ्यात मोठं तिथेच झालं. मिठागरावरची एक बाई बोलता बोलता वारलेल्या मुलीवर आली आणि रडायला लागली. मी हाताने खूण केली, बंद कर. तो शूट करत राहिला. परतीच्या टमटममध्ये आम्ही एक शब्द बोललो नाही. रात्री कार्डं कॉपी करताना तो म्हणाला, ‘ती थांब म्हणाली नव्हती.’ मी म्हटलं, ‘ती मला सांगत होती, तुझ्या कॅमेऱ्याला नाही.’ दोघांचंही थोडं थोडं बरोबर होतं, म्हणून तर भांडण मिटेना. शेवटी पुढच्या खेपेला लॅपटॉप घेऊन गेलो आणि तिलाच दाखवलं. तिने पुन्हा पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, नाव राहू द्या, रडणं काढा. काढलं. तेव्हापासून नियम आहे: समोरच्याशी जो बोलतोय, कॅमेरा बंद करायचा अधिकार त्याचा. वाद नंतर.

खरी अडचण भांडणाची नाही, एकमताची आहे. पहाटे धुक्यात दोघांनी मिळून काढलेला सात मिनिटांचा एक सीन आम्हाला जीव की प्राण होता. रफ कटमधून, म्हणजे फिल्मच्या पहिल्या कच्च्या जुळणीतून, तो हलवायची आमची हिंमतच नव्हती. बाहेरच्या एडिटरला दाखवलं तर तो म्हणाला, ‘छान आहे, पण ही तुमची सहल आहे.’ चार दिवस त्याच्यावर दोघं मिळून चिडलो, मग सीन गेला. दोघंच असलात की रात्री जेवताना एकमेकांना पटवता, आणि सकाळी ते पटलेलंच खरं वाटतं. तिसरा माणूस हवाच. त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरा. आणि त्याला घरी जेवायला बोलवू नका, भिडेखातर बोलायचा थांबतो. (आम्ही बोलावलं होतं.)

फायदेही आहेत. मला बायका स्वयंपाकघरात घेतात, तो बाहेर पुरुषांत बसतो. एकट्याला इतकं मिळत नाही.

तेव्हा आत्ता दोघांनी महिन्यातले दोन शनिवार-रविवार काढा आणि घराजवळची दहा मिनिटांची गोष्ट करा. कॅमेरा सेकंडहॅंड चालेल, माइक नवा घ्या. ती पुरी झाल्यावरही एकमेकांचं तोंड बघावंसं वाटलं, तर नोकरी कुणी सोडायची ते ठरवा. आमच्यात चिठ्ठी टाकली होती.