व्हेंटिलेटर काढणं कॅथलिक धर्मात पाप आहे का?

सरसकट नाही. १९५७ साली पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितलं होतं की जीव वाचवायला साधारण उपाय करावेत, पण असाधारण उपाय चालू ठेवलेच पाहिजेत असं बंधन नाही.

गंमत अशी की ‘असाधारण’ हे यंत्रावरून ठरत नाही, रुग्णावरून ठरतं. न्यूमोनिया झालेल्या तरुणाला चार दिवस व्हेंटिलेटर लावणं साधारण. कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यात तोच असाधारण ठरू शकतो. व्हॅटिकनच्या १९८० च्या निवेदनात तर कुटुंबावर पडणारा अवाजवी खर्चही ग्राह्य कारण मानलाय. आयसीयूचं बिल भरलेल्यांना हे वाचून हायसं वाटेल!

जीव घेण्यासाठी दिलेलं इंजेक्शन मात्र चर्चला अजिबात मान्य नाही. वेदना शमवायला दिलेलं मॉर्फिन चालतं, त्यानं आयुष्य थोडं कमी झालं तरी. नळीनं दिलेलं अन्नपाणी हा नाजूक मुद्दा: पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००४ मध्ये ते तत्त्वतः साधारण उपायांतच धरलं.

प्रॉटेस्टंट पंथांत एकच केंद्रीय अधिकारी नसल्यामुळे तिथे मतं वेगवेगळी सापडतील. भारतात कायद्यानं म्हणाल, तर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ठरावीक प्रक्रिया पाळून उपचार थांबवता येतात.