खोल समुद्रात कोणता सॅटेलाइट फोन?

प्रश्न : आमची बोट हर्णै बंदरातून खोल समुद्रात मासेमारीला जाते. किनारा दूर गेला की मोबाइलची रेंज जाते. दुबईचा भाचा थुराया फोन आणतो म्हणतो. इरिडियम त्याहून चांगला का?
– एक वाचक, दापोली

उत्तर : भाच्याला आधी थांबवा. थुराया काय किंवा इरिडियम काय, दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय असा फोन भारतात आणणे वा वापरणे बेकायदा असून, त्यापायी विमानतळावर अटकही झालेली आहे. निव्वळ गुणवत्तेत इरिडियम सरस ठरतो, कारण त्याचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून सतत फिरत असल्याने डोंगराआड एक गेला तरी दुसरा वर येतो. बीएसएनएलमार्फत रीतसर मिळणारी इनमारसॅट सेवा मात्र सुमारे ३६,००० किलोमीटरवरील, जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या स्थिर उपग्रहांवर चालते. त्यामुळे आवाज किंचित उशिरा पोहोचतो आणि सह्याद्रीच्या घळीत उपग्रहाची दिशा अडली की संपर्कच होत नाही. उघड्या समुद्रावर ती अडचण नाही, तेव्हा तुम्ही हीच घ्यावी. केबिनच्या छपराखाली हा फोन लागत नाही. अँटेना उघडून आकाशाखालीच उभे राहावे लागते, मग पाऊस असो वा लाटा. आणि बोटीवर व्हीएचएफ संच, म्हणजे बोटींमध्ये बोलण्याचा रेडिओ, नसेल, तर पहिला खर्च त्यावर करा. संकटाच्या हाकेसाठी त्याचा १६ क्रमांकाचा चॅनेल राखीव असतो.