अन्नदानाचा संकल्प अडला, तर देवाला सेवा नको होती असं समजायचं का?

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अन्नदान करायचं ठरवलं होतं, पण साठवलेले पैसे आईच्या ऑपरेशनला लागले. देवानं माझी सेवा का नाकारली, असं तुम्ही विचारलंय.

नाकारली असं समजू नका. ज्यांची ही यात्रा, ते सिद्धरामेश्वर बाराव्या शतकात इथं सोलापुरात लोकांसाठी तळं खोदवत होते. त्याहून चांगलं काम कोणतं? तरी परंपरा सांगते, शरण संत अल्लमप्रभू आले आणि त्या कामातल्या ‘मी’वरच त्यांनी बोट ठेवलं. सिद्धराम पुढे त्यांच्यासोबत बसवेश्वरांच्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) गेले. तळ्याची सेवा खोटी ठरली नाही, फक्त त्यांची वाट बदलली.

आता व्यवहाराचं. इतरांनी दिलेली वर्गणी आधी वेगळी काढा. ती ऑपरेशनला वापरायची तर देणाऱ्यांना विचारूनच, नाहीतर परत करा. कर्ज काढून अन्नदान मुळीच नको. बहुतेक जण इथंच फसतात: राहिलेल्या संकल्पाच्या भीतीनं व्याज अंगावर घेतात आणि मग घरात आजाऱ्यावरच राग निघतो. देवळात जाऊन ‘यंदा जमत नाही’ असं स्पष्ट सांगा. रडू आलं तर येऊ द्या, मन लगेच मानत नाही. रोज मूठभर तांदूळ बाजूला काढा आणि यात्रेत जेवढे जमतील तेवढे दासोहाला, म्हणजे भाविकांच्या अन्नछत्राला, द्या.