कॅमेऱ्यात लाइव्ह दिसतं, पण मागचं रेकॉर्डिंग सापडत नाही. सबस्क्रिप्शन घ्यावंच लागेल का?

तुम्ही लिहिलंय की आईंसाठी हॉलमध्ये लावलेल्या कॅमेऱ्यात पहिला महिना सगळं नीट दिसत होतं आणि आता ॲप दर वेळी 'प्लॅन घ्या' म्हणतं. म्हणजे कॅमेरा बहुधा धडधाकट आहे, त्याच्यासोबत मिळालेली क्लाउडची (म्हणजे नेटवरून कंपनीकडे रेकॉर्डिंग साठवण्याची) फुकट मुदत संपली. ती संपली तरी लाइव्ह दिसत राहतं, हालचालीची नोटिफिकेशनंही येतात. साठत मात्र काहीच नाही, आणि ते कोणी ओरडून सांगत नाही.

आधी कॅमेऱ्यावर मायक्रो एसडी कार्डाची खाच शोधा. फिरत्या कॅमेऱ्यात ती बहुधा लेन्सखाली दडलेली असते, डोकं हलकेच वर केलं की दिसते. खाच असेल तर बहुतेक कॅमेऱ्यांत सबस्क्रिप्शनची सक्ती नसते. कार्ड घाला, ॲपमधूनच फॉरमॅट करा आणि मग सेटिंगमध्ये जाऊन रेकॉर्डिंग चालू करा. हे शेवटचं बरेच जण विसरतात. खाचच नसेल (काही डोअरबेल तशा येतात) तर प्लॅन घ्या नाहीतर कॅमेरा बदला.

आता कार्ड कोणतं, हे माझ्या चुकीवरून सांगते. आम्ही मुलुंडला राहतो, दुसरा मजला. दाराबाहेर कॅमेरा लावला आणि जुन्या मोबाइलमधलं कार्ड त्यात सरकवलं. गणपतीला कोकणात गेलो, परत आलो तर पॅसेजमधली मुलाची सायकल गायब. ॲप उघडलं. शेवटचं रेकॉर्डिंग जुलैतलं! शेजारचे काका दारात उभे राहून ओली छत्री झटकतायत. त्यापुढे एक सेकंदही नाही. कार्ड झिजलं की कधी कधी ते फक्त वाचता येतं, त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही, आमचं तसंच झालं होतं. ॲपने 'कार्डात बिघाड' असा मेसेजही पाठवला होता, पण पॅसेजमधल्या मांजरीपायी दिवसाला तीस-तीस नोटिफिकेशनं यायची म्हणून मी सगळीच बंद करून ठेवलेली.

फोटोसाठीचं साधं कार्ड रोज चोवीस तास चालणाऱ्या लिखाणाला फार काळ टिकत नाही, आणि बऱ्याच साध्या कार्डांच्या वॉरंटीत असा वापर बसतही नाही. 'हाय एन्ड्युरन्स' छापलेलं घ्या, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला घेतलंत तरी बिल मागा. फूटपाथवर मिळणारं स्वस्तातलं 512 जीबी बहुधा नावापुरतंच 512 असतं. खरी जागा भरली की पुढचं रेकॉर्डिंग नुसतं वाया जातं.

किती जीबी लागेल? 1080पीचा (फुल एचडी) कॅमेरा सेकंदाला 1 मेगाबिट लिहीत असेल तर दिवसाला 10.8 जीबी होतात. म्हणजे 64 जीबीत पाच-सहा दिवस, 128 मध्ये अकराएक. 2 मेगाबिट असेल तर निम्मे दिवस धरा. कार्ड भरलं की जुनं पुसून नवीन लिहिलं जातं, त्यामुळे पंधरा दिवस बाहेर जाणार असाल तर 'फक्त हालचाल' हा पर्याय ठेवा.

मग सबस्क्रिप्शन कोणी घ्यावं? ज्याचा कॅमेरा चोराच्या हाताला लागतो त्याने. कॅमेरा उपटून नेला की कार्डही त्याच्याबरोबर जातं, क्लाउडवर गेलेली क्लिप मात्र राहते. तुमच्या आईंसाठी हॉलमध्ये लावलेल्या कॅमेऱ्याला माझ्या मते कार्ड पुरे. दाराबाहेरच्या एकासाठी प्लॅन घ्यायला हरकत नाही, फक्त पैसे कॅमेऱ्यामागे की घरामागे आणि क्लिप किती दिवस राहते, एवढं आधी वाचा. बहुतेक प्लॅन सलग रेकॉर्डिंग ठेवत नाहीत, हालचालीच्या क्लिपाच ठेवतात.

क्लाउडला नेट लागतं, हेही लक्षात असू द्या. राउटर आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि लोखंडी सेफ्टी डोअर असेल तर सिग्नल पांगळा होतो आणि क्लिप अर्धवट चढते. नेट गेलं तरी कार्डावरचं काम चालू राहतं. वीज गेली की दोन्ही बंद.

विजेवरून आठवलं. सायकल गेली त्याच्या आदल्या वर्षीही आमच्याकडे आठवडाभराचं रेकॉर्डिंग नव्हतं, कारण गावी निघताना मेन स्विच पाडायचा हा सासूबाईंचा शिरस्ता. आता त्या एकेक बटण बंद करत जातात. राउटर आणि कॅमेऱ्याच्या बटणांवर त्यांनी स्वतःच लाल टिकल्या चिकटवल्यात.