'गाळ' या एका शब्दावर किती भार टाकावा?

ऐरोलीहून एका अनुवादक वाचकाने विचारले आहे की, अमेरिकेतील धरणे काढून टाकल्याविषयीच्या लेखात 'धरण हटले, नदीत गाळ आला आणि माशांच्या विणीच्या जागा पुन्हा तयार झाल्या' असे लिहिले, तर पावसाळ्याआधी नाल्यातून उपसलेला गाळ रस्त्याकडेला पाहणाऱ्या आपल्या माणसाला ते उलटे वाटणार नाही का, आणि 'सेडिमेंट'साठी दुसरा शब्द आहे का?

शंका रास्त आहे. 'गाळ' हे नाम 'गाळणे' या क्रियापदाशी जोडलेले असल्याने गाळून उरलेला, टाकाऊ भाग ही छटा त्याला चिकटलेली आहे. 'सेडिमेंट'साठीचा दुसरा शब्द 'अवसाद' हा 'खाली बसणे' या कल्पनेवर बेतलेला आहे (त्यातला 'सद्' हा धातू आणि 'सेडिमेंट'च्या मुळाशी असलेला लॅटिन धातू सगोत्रच आहेत), पण अवसाद म्हणजे खिन्नताही. 'नदीत अवसाद वाढला' हे वाचून कोणी नदीची विचारपूस करायला निघेल.

माझ्या मते दोष शब्दाचा नाही, सगळा भार एकाच शब्दावर टाकण्याचा आहे. वॉशिंग्टन राज्यातील एल्व्हा नदीवर १९१३ आणि १९२७ साली पूर्ण झालेल्या दोन धरणांत माशांना वर जाण्याची वाटच ठेवलेली नव्हती, त्यामुळे समुद्रातून विणीसाठी नदीत चढणाऱ्या सॅमन माशांना मुखाजवळचे सुमारे ८ किलोमीटर पात्र तेवढे उरले होते, आणि तिथलीही रेव प्रवाहाबरोबर निघून जात होती, कारण वरून येणारी नवी रेव धरणांमागे अडत होती. सॅमनची मादी शेपटीने रेवेत खळगा करून अंडी घालते आणि त्यांवर रेव लोटते. गोट्यांच्या फटींतून खेळणारे पाणी अंड्यांना प्राणवायू पुरवते. त्याच फटींत बारीक माती बसली की अंडी गुदमरतात. धरणांमागे साठलेल्या सुमारे २.१ कोटी घनमीटर ऐवजात ही माती आणि ती रेव दोन्ही होत्या, म्हणूनच २०११ ते २०१४ या काळात धरणे टप्प्याटप्प्याने उतरवली गेली आणि माशांच्या हंगामात काम थांबवले गेले.

तेव्हा मराठीत दाणा पाहून शब्द निवडावा: माती, पोयटा, वाळू, रेव, गोटे. कळवा-मुंब्र्याच्या रेतीबंदराला कोणी गाळबंदर म्हटले नाही. 'आधी गढूळ पाणी आणि बारीक गाळ उतरला, मागाहून रेव आणि गोटे येऊन पात्रात स्थिरावले, आणि त्यांत सॅमनच्या विणीला जागा झाली' असे लिहिले, तर वाक्य लांबेल, पण खटकणार नाही.

'प्रजनन अधिवास' ऐवजी आपण लिहिलेले 'विणीच्या जागा' मला अधिक पसंत आहे. ठाणे-रायगडकडचा 'वलगण' हा शब्द वापरण्याचा मोह मात्र आवरावा. वलगणीत, म्हणजे पहिल्या पावसात, ओढ्यातून भातखाचरांकडे चढणारे मासे गोड्या पाण्यातलेच असतात, सॅमन समुद्रातून येतो.